मोठी मूळ संख्या घरच्या घरी कशी तपासायची: पिनकोडपासून २१४७४८३६४७ पर्यंत

सातारा ४१५००१, सांगली ४१६४१६, वाई ४१२८०३, फलटण ४१५५२३. या चार पिनकोडांपैकी एकच मूळ संख्या आहे. कुठली, ते शोधायला वही, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. एक निवांत संध्याकाळ मात्र हवी. ज्यांना चटक लागेल त्यांच्यासाठी पुढे दहा अंकी संख्येची आणि मग थेट चार कोटी अंकी संख्येचीही वाट दाखवली आहे.

शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी आधी थोडी उजळणी. साताऱ्याचे १२ कंदी पेढे खोक्यात ३-३ च्या चार ओळींत नीट बसतात, ४-४ च्या तीन ओळींतही बसतात. १३ पेढे घेतले तर एकच लांब ओळ होते, दुसरी कुठलीच मांडणी जमत नाही. १२ संयुक्त संख्या, १३ मूळ. १ ला या दोन्हींत धरत नाहीत. २ सोडली तर सगळ्या मूळ संख्या विषम.

नवखा माणूस मोठी संख्या दिसली की भागत सुटतो. ३ ने बघ, ७ ने बघ, ११ ने बघ. सहा अंकांपर्यंत हे निभावतं. दहा अंकांवर हात दुखायला लागतो आणि वीस अंकांवर संगणकही वैतागतो. माझा आग्रह असा की भागाकार सगळ्यात शेवटी काढायचा. आधी संख्या बनली कशी आहे ते बघायचं. जगातल्या अवाढव्य मूळ संख्या सापडल्या त्या अशाच, त्यांच्या रूपावर नजर ठेवून. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज

शेवटी ०, २, ४, ५, ६, ८ असेल तर विषय संपला. कराड ४१५११० आणि मिरज ४१६४१० इथेच गळाले. सांगलीही सम आहे, तीही गेली. वाईच्या अंकांची बेरीज ४+१+२+८+०+३ = १८, म्हणजे ९ ने भाग जातो. वाई बाद. सातारची बेरीज ११ आणि फलटणची २०. दोन्हींना ३ ने भाग जात नाही, दोन्ही पुढच्या पायरीला.

पायरी २: तीन-तीन अंकांचे गट

सांगली बाद झाली असली तरी तिला जरा थांबवून घेऊ, कारण ही पायरी समजावून सांगायला तिच्यासारखा पिनकोड नाही. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे कुठलीही संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांच्या गटांत तोडायची आणि गटांची एकाआड एक वजाबाकी-बेरीज करायची. उत्तराला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तर सुरुवातीच्या आख्ख्या संख्येलाही जातो. एका दगडात तीन पक्षी.

सांगली: ४१६ − ४१६ = ०. शून्याला तिन्हींनी भाग जातो, म्हणजे ४१६४१६ लाही जातो. ती ४१६ × १००१ आहे आणि ४१६ म्हणजे ३२ × १३. पूर्ण अवयव पाडले तर २ पाच वेळा, ७, ११ आणि १३ दोनदा. इतकी चटकन सुटी होणारी सहा अंकी संख्या क्वचितच मिळते.

सातारा: ४१५ − १ = ४१४. ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने ७, १३ ने ११. सुटला. फलटण: ५२३ − ४१५ = १०८. यालाही ७, ११, १३ पैकी कुणी लागू पडत नाही.

पायरी ३: कुठवर भागायचं ते आधी ठरवा

एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यातला लहान अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. ६४४ चा वर्ग ४१४७३६ आणि ६४५ चा ४१६०२५. सातारा आणि फलटण दोन्ही या दोघांच्या मधे पडतात, म्हणून ६४४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की निकाल पक्का. अशा मूळ संख्या ११७ आहेत. २ ते १३ या सहा झाल्या, राहिले १११ भागाकार.

लगेच भागायला बसू नका. १११ भागाकार करण्याआधी दोन मिनिटं पुढच्या पायरीला द्या.

पायरी ४: वर्गातून वर्ग वजा जातो का?

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची ही युक्ती सतराव्या शतकातली. विषम संयुक्त संख्या नेहमी दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते, आणि वजाबाकी मिळाली की (बेरीज) × (फरक) हे अवयव आपोआप हातात येतात. करायचं एवढंच: वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या, त्याचा वर्ग करा, आपली संख्या वजा करा, उरलेलं पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढचा पूर्णांक.

सातारसाठी ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४. हा तर ३२ चा वर्ग! म्हणजे ४१५००१ = (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७. पहिल्याच फटक्यात. सरळ भागत बसला असता तर १७ पासून सुरू करून ६१३ ला पोचेपर्यंत १०६ भागाकार झाले असते, आणि शंभराव्या भागाकाराच्या आसपास बहुतेकांनी 'मूळच आहे' म्हणून वही मिटली असती.

फलटणला हीच युक्ती लावली की ४१६०२५ − ४१५५२३ = ५०२, पूर्ण वर्ग नाही. ६४६ घेतला तर १७९३ उरतात, तेही नाही. आणखी तीन-चार आकडे बघा आणि सोडून द्या. ही युक्ती दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच झटपट चालते. लांब असतील तर साध्या भागाकारापेक्षाही जास्त घाम काढते.

याचा थेट संबंध तुमच्या बँकेच्या सुरक्षेशी आहे. आरएसए नावाच्या कुलपात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघडा ठेवलेला असतो आणि त्या दोन संख्या गुप्त असतात. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंकी गुणाकार. त्या दोन मूळ संख्या ६१३ आणि ६७७ सारख्या शेजारी-शेजारी निवडल्या तर ६१७ अंक असूनही फर्माच्या युक्तीने कुलूप लगेच उघडतं. नीट निवडल्या तर मोठमोठ्या यंत्रणांनाही दमवतात: २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव २०२० साली पडले, त्यासाठी जगभरच्या संगणकांचा ताफा जुंपावा लागला.

सराव हवा असेल तर रस्त्यावर फुकट आहे. गाड्यांच्या पाट्यांवरचा आकडा चार अंकी, म्हणजे ९७ पर्यंतच्या २५ मूळ संख्या पुरतात. १० हजारांच्या आत १२२९ मूळ संख्या आहेत, तेव्हा आठ गाड्यांत एखादी मूळ निघेल असा हिशेब धरायला हरकत नाही. सातारा-कराड प्रवासात खिडकीची जागा मिळाली तर वेळ मजेत जातो. (एमएच ११ वाले सातारकर इथे सांगलीच्या एमएच १० कडे बघून मिशीला पीळ देतील, तो त्यांचा हक्क.) ९९९१ ची पाटी दिसली तर फसू नका: १०० चा वर्ग वजा ३ चा वर्ग, म्हणजे ९७ × १०३. पैसे मोजून घेतलेला ७७७७ तर ७ × ११ × १०१ आहे.

पायरी ५: अवयव न शोधता संयुक्त ठरवणं

पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. संख्येचा एकही अवयव हाती न लागता ती संयुक्त असल्याचं छातीठोकपणे सांगता येतं.

फर्मानेच १६४० साली एका पत्रात हा नियम लिहिला. संख्या मूळ असेल आणि २ सोडून दुसरी कुठलीही असेल, तर २ चा 'त्या संख्येपेक्षा एकने कमी' इतका घात करून त्या संख्येने भागा, बाकी १ च उरते. १३ वर करून बघा: २ चा १२ वा घात ४०९६, १३ ने भागल्यावर ३१५ वेळा जातो आणि बाकी १. पुढे घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरतो, २^१२ म्हणजे २ चा १२ वा घात.

आता नियम उलटा वाचा. बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही, तिचे अवयव कुणाला माहीत असोत वा नसोत.

२^४१५००० म्हणजे सव्वा लाख अंकी संख्या, ती लिहायची नाही. २ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं करत जायचं आणि दर वेळी ४१५००१ ने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. अठरा वर्गांत आणि थोड्या दुपटींत काम होतं. मोबाइलवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालवता येत असेल तर आणखी सोपं. त्यात घात काढणाऱ्या फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे दिले की ते थेट बाकीच देतं. पाचशे अंकी संख्येलाही पापणी लवायच्या आत उत्तर येतं.

सातारसाठी बाकी येते २६१२०. म्हणजे संयुक्त, आणि हे कळायला ६१३ किंवा ६७७ चं नावही घ्यावं लागलं नाही. फलटणसाठी २^४१५५२२ ची बाकी १.

मग फलटण मूळ? घाई नको.

पायरी ६: ३४१ ने केलेली फसवणूक

३४१ = ११ × ३१. संयुक्तच. आता २^१० = १०२४ आणि १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणजे २^१० ची बाकी १. मग २^३४० ची बाकी पण १. पायरी ५ वर ही ठग संख्या साळसूदपणे पास होते. २ च्या जागी ३ घेतला तर पकडली जाते, पण ५६१ किंवा १७२९ सारख्या संख्या अशा आहेत की ज्याच्याशी त्यांचा सामाईक अवयव नाही असा कुठलाही पाया घ्या, त्या पासच होतात. यांना कारमायकल संख्या म्हणतात. १७२९ म्हणजे रामानुजनची टॅक्सीवाली प्रसिद्ध संख्या: ७ × १३ × १९.

यावर उपाय मिलर आणि राबिन या दोघांच्या नावाची कसोटी. कल्पना अशी: मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात ज्याचा वर्ग १ येतो असे दोनच आकडे असतात, १ आणि −१. (−१ म्हणजे त्या संख्येहून एकने लहान बाकी.) तिसरा कुणी सापडला की चोरी उघड.

३४१ चं बघा. ३४० = ४ × ८५. आधी २^८५ काढू. २^१० ची बाकी १, म्हणून २^८५ ची बाकी २^५ एवढीच, ३२. आता ३२ चा वर्ग १०२४, बाकी १. पण ३२ स्वतः १ ही नाही आणि ३४० ही नाही. पकडला! वर बक्षीस म्हणून ३२ − १ = ३१ आणि ३४१ यांचा मसावि काढला तर अवयवही मिळतो, ३१.

फलटणसाठी ४१५५२२ = २ × २०७७६१. २^२०७७६१ ची बाकी ४१५५२२ येते, म्हणजेच −१. ३^२०७७६१ ची बाकी १. दोन्ही कसोट्या साफ. आणि इथे नवख्यांना फारसं कुणी न सांगणारी गोष्ट: १३,७३,६५३ पेक्षा लहान कुठलीही विषम संयुक्त संख्या २ आणि ३ या दोन्ही पायांना एकाच वेळी फसवू शकत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. म्हणजे सहा अंकी संख्येसाठी या दोन कसोट्या हा पूर्ण पुरावा आहे, 'बहुतेक मूळ' नव्हे. फलटण ४१५५२३ मूळ संख्या. १११ भागाकार करून खात्री करायची असेल त्यांनी खुशाल करावी.

मोबाइल नंबर दहा अंकी असतो. त्याला २, ३, ५, ७ आणि ११ हे पाच पाये पुरतात. शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असेल तर साधारण नवात एक नंबर मूळ निघतो. स्वतःचा तपासा, घरच्यांचे तपासा. मूळ निघाला तर आनंद घरातच साजरा करा, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, नंबर तुमचा आहे.

पुस्तकी बाजूचंही एक सांगून ठेवतो. कुठल्याही संख्येसाठी, पाये निवडण्याची भानगड न ठेवता, खात्रीने आणि वाजवी वेळात मूळ-संयुक्त ठरवणारी पद्धत आहे का हा प्रश्न बराच काळ लटकलेला होता. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ती दिली. गणिताच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट. पण रोजच्या कामात अजूनही मिलर-राबिनच वापरतात, ती कितीतरी वेगवान आहे.

पायरी ७: एका दहा अंकी मूळ संख्येची ओळख

आता खरी पाहुणी: २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हिचं दुसरं रूप बघा: २^३१ − १.

साध्या मार्गाने हिला तपासायचं तर वर्गमूळ ४६३४० च्या थोडं वर, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांच्या आसपास. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये पत्र लिहून ही मूळ असल्याचं कळवलं. त्या काळी कॅल्क्युलेटर नाही, आणि ऑयलरची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. हे जमलं ते रूपामुळे.

एखादी मूळ संख्या २^३१ − १ ला भागत असेल तर तिच्या जगात २^३१ ची बाकी १. ३१ स्वतः मूळ असल्याने त्याआधी कुठेही बाकी १ येत नाही. मग फर्माच्या नियमाप्रमाणे त्या भाजकातून १ वजा केला तर ३१ ने भाग जायलाच हवा. भाजक विषम, म्हणून ६२ ने. दुसरी एक अट अशी की भाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजक २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवलेलाच असणार. ४६३४० पर्यंत अशा संख्या, ६३ सोडून, १८६ आणि १८६, एकूण ३७२. त्यातल्या स्वतःच संयुक्त असलेल्या वगळल्या की बऱ्याच गळतात.

करून बघा. २४९ = ३ × ८३, बाद. ३११ मूळ आहे, हा पहिला उमेदवार. २१४७४८३६४७ ला ३११ ने भागलं तर ६९०५०९२ वेळा जातो, बाकी ३५. त्यानंतर ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळ्या संयुक्त. पुढचा उमेदवार थेट १३०३. त्याची बाकी २२६. इतक्या विरळ उमेदवारांशी झुंजायचं असेल तर एक माणूस वही घेऊन बसू शकतो.

या संख्येचे बाकीचे गुण थोडक्यात. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर, ती म्हणजे ओळीने ३१ एक. म्हणूनच संगणकातल्या ३२ बिटांच्या, अधिक-उणे चिन्ह धरून मोजणाऱ्या खात्यात मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या. जुने संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा खात्यात मोजतात. ते खातं १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला न सुधारलेली यंत्रं १९०१ सालात जातील. हिला २^३० ने गुणलं तर २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला वगळून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच, जशी ६ = १ + २ + ३.

माझा सगळ्यात आवडता गुण वेगळाच आहे. १ पासून सुरू करा, १६८०७ ने गुणा (हा ७ चा पाचवा घात), या मूळ संख्येने भागून बाकी घ्या, पुन्हा गुणा. आकडे येतात १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे, आणि पुढे कसलाच ताल सापडत नाही. १ ते २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा बरोबर एकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही. संगणकाला 'चिठ्ठी काढ' म्हटलं की वर्षानुवर्षं अनेक प्रणालींत हाच गुणाकार चालायचा.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं की हिच्यापासून बनलेल्या वरच्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधायला जाईल असं वाटत नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल. आज त्याच्या खिशात मोबाइल दिला असता तर त्यातल्या अनेक व्यवहारांमागे तीनशे अंकी मूळ संख्या राबताना दिसल्या असत्या.

पायरी ८: एका ओळीची कसोटी, फक्त २^न − १ साठी

अशा रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. 'न' हा घातांक मूळ असल्याशिवाय त्या मूळ असूच शकत नाहीत, पण नुसता 'न' मूळ असून भागत नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

यांच्यासाठी लुकास-लेमर कसोटी आहे, आणि ती हाताने करण्यासारखी आहे. ४ पासून सुरू. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या. हे ('न' वजा २) वेळा. शेवटी ० आला तर मूळ, नाहीतर संयुक्त. तिसरा निकाल नाही, 'बहुतेक' नाही.

२^७ − १ = १२७ घेऊ, पाच वेळा करायचं. भागाकारालाही सवलत आहे: १२७ ने भागण्याऐवजी १२८ ने भागा आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करा.

४ चा वर्ग वजा २ = १४.
१४ चा वर्ग वजा २ = १९४. यात १२८ एकदा, उरले ६६. १ + ६६ = ६७.
६७ चा वर्ग वजा २ = ४४८७. १२८ पस्तीस वेळा, उरले ७. एकूण ४२.
४२ चा वर्ग वजा २ = १७६२. १३ वेळा, उरले ९८. एकूण १११.
१११ चा वर्ग वजा २ = १२३१९. ९६ वेळा, उरले ३१. एकूण १२७, म्हणजेच ०.

१२७ मूळ. हीच साखळी २०४७ वर नऊ वेळा चालवा: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. इथे मात्र १२८ च्या जागी २०४८ घ्यायचा. बायनरीत २०४८ ने भागणं म्हणजे संख्या कापून दोन तुकडे करणं, त्यामुळे संगणकाला भागाकार करावाच लागत नाही. ही कसोटी इतक्या प्रचंड संख्यांवर चालते त्याचं अर्धं कारण हेच.

फ्रान्सच्या एदुआर लुकासने १८७६ मध्ये आपल्या पद्धतीने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या हाताने मूळ ठरवली. २^३१ − १ साठी तुम्हाला २९ फेऱ्या लागतील. इथल्या दहा अंकी संख्यांचे वर्ग एकोणीस अंकी होतात आणि साधा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गिळतो, म्हणून इथे पायथनच वापरा.

पायरी ९: चार कोटी अंकांच्या रांगेत उभं राहायचं असेल तर

आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. अंक ४,१०,२४,३२०. पानाला ३००० अंक छापले तरी १३,६७५ पानं. शोधणारा ल्यूक ड्युरांट, जिम्प्स या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून. डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स चिपने 'बहुतेक मूळ' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या दुसऱ्या चिपवर लुकास-लेमरने शिक्कामोर्तब केलं.

अंकांची संख्या तुम्ही स्वतः काढू शकता: १३६२७९८४१ ला ०.३०१०२९९९५६६ ने गुणा, ४१०२४३१९.९४ येईल, वरचा पूर्णांक घ्या. शेवटचे अंकही. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर वीस घातांनी फिरून येतात (पहिला घात तेवढा सोडून). १३६२७९८४१ ला २० ने भागून बाकी १, म्हणून २^२१ = २०९७१५२ बघा: ५२, वजा १, म्हणजे संख्या ५१ ने संपते. चार कोटी अंकांतलं टोक कागदावर दोन ओळींत.

जिम्प्समध्ये कुणालाही भाग घेता येतो. १९९६ पासून चालू आहे, प्राइम९५ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते स्वतःच एक घातांक मागून घेतं आणि मागच्या बाजूला काम करत राहतं. साध्या संगणकाला एका घातांकासाठी दिवसच्या दिवस लागतात. लॅपटॉपवर लावू नका, तापतो. डेस्कटॉप असेल, वारा खेळता असेल आणि महावितरणचं बिल कोण भरतं याची घरात आधी चर्चा झाली असेल तरच. दहा कोटी अंकी मूळ संख्येला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस अजून शिल्लक आहे, पण त्याच्या भरवशावर वीज जाळणं हा हिशेब जमणारा नाही. मजेसाठी करायचं असेल तर करा.

त्याआधी वहीवरचा सराव. २^१३ − १ = ८१९१ ला ९० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायला जाऊ नका. भाजक २६ च्या पटीत १ मिळवलेला हवा आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७: ९० च्या आत ७९ एकटाच उरतो, एका भागाकारात निकाल. २^२३ − १ = ८३८८६०७ साठी ४६ च्या पटीत १ मिळवा, पहिलाच उमेदवार ४७ आणि तोच लागू पडतो. २^२९ − १ = ५३६८७०९११ साठी ५८ च्या पटी घ्या. ५९ ला ८ ने भागून बाकी ३, सोडा. ११७ आणि १७५ संयुक्त. २३३ ला थांबाल, भागाकार २३०४१६७ येईल, आणि त्यालाही पुन्हा ५८ च्याच पटींनी तपासत १९ व्या पटीला ११०३ मिळेल.